आईमार्फत, बीजकोशांविषयी

माझ्या धाकट्या भावाची बायको गेली वीसेक वर्षं माझ्याशी बोलत आली, पण थेट कधी बोलली नव्हती. आमच्याकडे सिल्लोडच्या बाजूला थोरल्या दिराशी घरातली सून समोरासमोर बोलत नाही. मध्ये कुणाला तरी बसवते. मी हाताच्या अंतरावर बसलेलो असताना ती माझ्या बायकोला म्हणते, "भाऊजींना म्हनावं, चहा निवतोय." मग मीही बायकोलाच म्हणतो, "तिला सांग, साखर पुढच्या वेळी कमी." दोन दरबारांचा कारभार वकिलामार्फत चालावा, तसा आमचा चालतो. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे मला यात वावगं वाटत नाही. शिकलेल्या माणसानं ही पद्धत मोडायला हवी होती, असं कुणी म्हणेल. पण ती सोयीची होती. जी माणसं थेट बोलत नाहीत, ती थेट भांडतही नाहीत.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या कारभारात अडचण आली. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको पुण्याला गेली आणि शहरातल्या घरात मी आणि आई उरलो. आई ऐंशीची आहे. काही वर्षांपासून तिला अल्झायमर आहे. तब्येत ठणठणीत, भूक उत्तम, स्वभाव पूर्वीपेक्षा गोड. फक्त मी कोण, हे तिला दर सकाळी नव्यानं ठरवावं लागतं. कधी मी तिचा भाऊ असतो, कधी तलाठी. तलाठी असतो त्या दिवशी ती मला आग्रहानं चहा पाजते आणि शेताच्या बांधाची तक्रार ऐकवते. मी ती रीतसर ऐकून घेतो.

मला एकट्याला तिची आंघोळ, वेणीफणी जमणार नाही म्हणून भावानं गावाकडून आपल्या बायकोला पाठवलं. ती आली, पदर सावरला, आईचा ताबा घेतला. आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसवायला आता आईच राहिली.

"आत्याबाई, भाऊजींना इचारा, भाकरी ज्वारीची टाकू का बाजरीची?"

आई माझ्याकडं बघायची आणि प्रसन्न चेहऱ्यानं विचारायची, "तुमचं गाव कोनतं?"

"ज्वारीची चालेल," मी आईला म्हणायचो.

"चांगलं गाव हाय," आई म्हणायची.

आणि भाकरी ज्वारीची यायची. इतक्या वर्षांत या कामाला इतका निःपक्षपाती माणूस आम्हाला मिळाला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात आईमार्फत मला आणखी एक बातमी मिळाली. "आत्याबाई, भाऊजींना सांगा, गणपती उठले की मला गावाकडं जावं लागंल. पिशवी काढायचीय."

गर्भाशयाला आमच्याकडं पिशवी म्हणतात आणि ती काढणं हा आमच्या भागातला जवळजवळ रिवाज आहे. चाळिशीकडं झुकलेल्या बाईला शेजारीण "काढली का पिशवी?" असं विचारते, जसं आपण "झालं का जेवण?" म्हणतो. मुलं झाली, पाळीचा त्रास सुरू झाला, की शेतातली कामं बघून दिवस ठरवायचा आणि मोकळं व्हायचं. माझ्या आईची अशीच काढली होती, धाकटा भाऊ रांगत असताना. भावजय एकोणचाळीस वर्षांची. वर्षभर तिला अंगावरून फार जात होतं, गोळ्या खाऊन झाल्या होत्या. तालुक्याच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीत गाठ निघाली.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, काळजीचं काय नाय. साधी गाठ हाय. डॉक्टर म्हनले, पिशवीसंगं बाजूचे दोन बीजकोश बी काढून टाकू, म्हंजे फुडं कटकटच नाय. तेवढ्याच टाक्यात समदं."

तो मोटार दुरुस्तीला टाकल्यासारखं बोलत होता. उघडलीच आहे तर हेही बदलून घ्या. मीही "बरं" म्हणालो. बीजकोश म्हणजे अंडाशय, माझं त्या विषयातलं ज्ञान तेवढंच होतं.

ते वाढलं, त्याचं श्रेय आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या गणेश मंडळाला द्यावं लागेल. मंडळाची व्याख्यानमाला असते. त्या वर्षी एका संध्याकाळचा विषय होता 'विस्मरण: एक आव्हान'. घरात ते आव्हान खुर्चीवर बसून शेंगा सोलत असल्यामुळं मी गेलो.

कार्यक्रमाला अध्यक्ष होते. त्यांच्या चार-पाच शिक्षणसंस्था आहेत. नावामागं डॉक्टर लागतं, पण त्यांना कुणी नाडी बघायला बोलावत नाही. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले, वात काही पेटेना, आणि सगळी सभा कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत बसली. मग सत्कार झाले. ज्यांनी हार आणले त्यांचाही सत्कार झाला. अध्यक्षांनी "विसरणे हा मानवाला लाभलेला दैवी प्रसाद आहे" इथून सुरुवात करून आपल्या संस्थांच्या इमारतींपर्यंत मजल मारली आणि "आजच्या विदुषी वक्त्या" म्हणून थांबले. नाव आठवेना. मागं वळून फलक वाचला आणि जोरात नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

वक्त्या मेंदूविकाराच्या डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या आतल्या, चष्मा कपाळावर. त्यांना उरला होता अर्ध्या तासाहून कमी वेळ. त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ टेबलाखाली सारला आणि बोलायला लागल्या.

त्यांच्या बोलण्यात मला पहिल्यांदा जाणवला तो एक शब्द: कदाचित. त्या व्यासपीठावर तो शब्द त्या आठवड्यात तरी कुणी उच्चारला नव्हता. अल्झायमरमध्ये मेंदूत काही नको असलेली प्रथिनं साचत जातात, पेशी मरत जातात, आणि हे का होतं त्याचं एकच एक कारण नाही, असं त्या म्हणाल्या. वय आहे, घराणं आहे, रक्तदाब आहे, साखर आहे. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो. बायका जास्त जगतात हे एक कारण. दुसरं, कदाचित, हार्मोन. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन फक्त पाळीचं काम बघत नाही. मेंदूतही त्याला काम असतं. पेशींना ऊर्जा मिळण्यात, त्यांचे एकमेकींशी धागे जुळण्यात त्याचा हात असतो. पाळी जाताना ते कमी होतं, तेव्हा मेंदूला त्याच्याविना चालवायची सवय करावी लागते. बहुतेकींचा मेंदू ती करून घेतो.

"पण बीजकोश वेळेच्या फार आधी ऑपरेशननं काढले," त्या म्हणाल्या, "तर हा बदल हळूहळू होत नाही, एका दिवसात होतो. अशा बायकांना पुढं विस्मरणाचा धोका थोडा जास्त असू शकतो, असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत तितकंसं दिसत नाही. मी सिद्ध झालंय म्हणणार नाही. पण धडधाकट बीजकोश उगाच काढू नका, इतकं म्हणेन. हृदयासाठी आणि हाडांसाठीसुद्धा."

समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "मग पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर आठवण शाबूत राहील का?"

"नुसत्या आठवणीसाठी म्हणून मी देणार नाही. इतर त्रासासाठी देतात, तपासून. मेंदूला त्यांचा उपयोग होतो की नाही, कुणाला, कोणत्या वयात, यावर अजून एकमत नाही. आणि विसरायला झालं की घरच्या घरी अल्झायमर ठरवू नका. थायरॉईड कमी पडलं तरी माणूस विसरतो, आणि ते गोळीनं सुधारतं."

मी हात वर केला. "वेळेच्या आधी म्हणजे कधी?"

"पाळी आपणहून जायच्या आधी. चाळिशीच्या आत तर फारच लवकर."

आभारप्रदर्शन करणाऱ्यानं "मॅडमनी आज संप्रेरकांचा महायज्ञ मांडला" असं म्हटलं तोवर मी चप्पल शोधत होतो.

घरी येताना माझ्या लक्षात आलं की मला आता एक अशी गोष्ट सांगायची आहे, जी सांगायला मला तोंड नाही. थोरल्या दिरानं भावजयीला साखर कमी घाल, हे सांगायलाही दुभाष्या लागतो. बीजकोश कुठल्या तोंडानं सांगायचे? मी पुण्याला फोन लावला.

"तूच समजावून सांग तिला," मी बायकोला म्हणालो आणि सगळं व्याख्यान ऐकवलं.

मागं नातू रडत होता. ती म्हणाली, "हे कदाचित-बिदाचित मला फोनवर जमायचं नाही. फोनवर कदाचित म्हटलं की लोक नाही असं समजतात. आणि व्याख्यान तुम्ही ऐकलंय. तुम्हीच सांगा."

"मी कसं सांगू?"

"इतकी वर्षं पोरांना मोगलांच्या जनानखान्याचं राजकारण शिकवलंत, तेव्हा कसं सांगत होता?" तिनं फोन ठेवला.

भावाला सांगून बघितलं. तो म्हणाला, "दादा, डॉक्टरला आपल्यापरीस जास्त कळतं. आन ते कदाचित म्हनत्यात ना? मग जाऊ द्या." बायकोचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्या शहरात पाणी आलं की बाकीचं सगळं थांबतं, लग्नाची बोलणीसुद्धा. टाक्या, पिंपं, बादल्या, कळश्या भरून झाल्यावर भावजय ओल्या हातानं आईच्या खुर्चीजवळ जमिनीवर टेकली आणि आईला शेंगा सोलायला दिल्या. मी पलीकडं कॉटवर बसलो होतो. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"आई," मी म्हणालो, "तिला सांग, पिशवी वेगळी आणि बीजकोश वेगळे. पिशवी खराब असली तरी ते दोन चांगले असू शकतात."

आई शेंग सोलत राहिली. भावजयीनं पदर थोडा पुढं ओढला, पण उठून गेली नाही.

"आत्याबाई, भाऊजींना म्हनावं, डॉक्टर तर म्हनला की समदं काढू."

"आई, तिला विचार, का काढायचे ते डॉक्टर म्हणाले का?"

"म्हनले, फुडं कटकट नको."

मग मी व्याख्यान सांगितलं. आईकडं बघून, आईला उद्देशून, इस्ट्रोजेनपासून मेंदूपर्यंत. आई अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होती. माझ्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्यानं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "आईची पिशवी काढली तेव्हा ती सदतीसची होती. बीजकोशही काढले का, ते माहीत नाही. कुणी विचारलंच नव्हतं."

आईनं शेंग खाली ठेवली.

"काढली ना," ती म्हणाली. "आन मंग आग. नुसती आग अंगाची. थंडीच्या दिवसांत म्या ओसरीवर बसायची पदरानं वारं घेत. तुझा बाप म्हनायचा, हिच्या अंगात आलंया. म्या म्हनलं, अंगात कुनी बी येऊ द्या, पर आदी पंखा आना."

भावजय खळखळून हसली. मीही हसलो, आणि मग मला ते आठवलं. मी शिकायला शहरात होतो, सुटीत गावी गेलो होतो. पहाटे सगळे गोधडीत गुरफटून पडलेले आणि आई ओसरीवर उघड्या थंडीत बसून वारा घेते आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, जगातलं सगळं कळणारा. मला वाटलं होतं, काहीतरी व्रत असेल.

"म्हंजे यांचे बी काढले आसतील," भावजय हळू म्हणाली.

"शक्य आहे," मी आईला म्हणालो. "अशी अंगाची आग एकदम सुरू होते ती बहुतेक त्यामुळंच."

मला वाटलं, काम झालं. पण ही बाई पाचवीपासून शेतात राबलेली आणि बाजार समितीत मक्याच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडणारी आहे. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "आत्याबाई, भाऊजींना एक इचारा. अजिंठ्याच्या आजीचं काय मंग?"

अजिंठ्याची आजी म्हणजे आईची आई. भावजय नवी नवरी होती तेव्हा आजी हयात होती, आणि दर घटकेला तिला "तू कुनाची गं?" म्हणून विचारत होती.

"आजीचं तर काहीच काढलं नव्हतं. जशी आली तशी गेली, समद्या सामानासकट. आन ती बी इसरत व्हती."

एका साक्षीदारावर विसंबू नये, हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो, आणि आज स्वतःच एक साक्षीदार उभा करून निकाल लावायला निघालो होतो. तिनं समोर दुसरा आणून उभा केला.

"बरोबर आहे," मी आईला म्हणालो. "तिला सांग, तिचं बरोबर आहे. घराण्यात असलं तरी होतं."

"मंग ठेवले तर इसरायची नाय, अशी ग्यारंटी हाय का?"

"नाही."

"काढले तर इसरनारच?"

"तसंही नाही."

"मंग भाऊजी सांगत्यात तरी काय?"

तेवढ्यात आई उठली. शेंगांचं ताट तिनं भावजयीच्या मांडीवर ठेवलं, "बसा तुमी, म्या गुरांकडं बघून येते" म्हणाली आणि मागच्या खोलीत निघून गेली, जिथं गुरं नसून माझी पुस्तकं आहेत. आमच्या मध्ये रिकामी खुर्ची राहिली.

खुर्चीला उद्देशून बोलणं मला जमलं नसतं. अध्यक्षांना जमलं असतं.

"हे बघ," मी तिला म्हणालो. थेट तिला. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुझी चाळिशी नाही उलटली. पिशवीचा त्रास खरा आहे, तिचं काय करायचं ते कर. पण जे दोन धड चालतायत, त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? आईच्या वेळी कुणी विचारलं नाही. आता विचारू. नक्की माहीत नाही, म्हणूनच विचारायचं."

ती माझ्याकडं बघत होती. पदर कधी मागं गेला, तिलाही कळलं नसावं.

"कुनाला इचारायचं?"

"इथल्या दुसऱ्या डॉक्टरांना. रिपोर्ट घेऊन जाऊ."

"ह्यांना पटायचं नाय."

"भावाला मी बघतो."

"नगं," ती म्हणाली. "त्यांना म्या बघते. तुमी फकस्त संगं चला. आत्याबाईंना बी घिऊ. एकल्या कुटं ठिवायच्या?"

क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचा दवाखाना आहे. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आमच्याकडं बघून मला विचारलं, "मिस्टर का?" मी "दीर" म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "तलाठी हायेत." प्रतीक्षेत बसलेल्या बायका हसू दाबत माना खाली घालून राहिल्या.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितले, तपासलं आणि सरळ सांगितलं. गाठ मोठी आहे, पण साधी दिसते. गोळ्यांनी भागलं नाही तर गर्भाशय काढणं हा एक मार्ग आहे, आणखीही एकदोन आहेत. ते त्यांनी सांगितले. दोन्ही बीजकोश चांगले आहेत. माहेरी कुणाला बीजकोशाचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेला नसेल, तर ते काढायला त्यांना कारण दिसत नव्हतं. विस्मरणाचं विचारल्यावर त्याही म्हणाल्या, "खात्रीनं नाही सांगता येत. पण तुमच्या वयात ते राहण्यात फायदाच आहे."

"मंग पिशवी काढा," भावजय म्हणाली. "वरीसभर लई भोगलंय. ते दोन राहू द्या."

निर्णय तिचा होता, आणि तो माझ्या व्याख्यानापेक्षा छोटा आणि स्वच्छ होता.

भावाला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, आपरेशन तिकडंच करायचं म्हनती. तुमच्यासंगं बोलली म्हनं डायरेक?" त्याला बीजकोशांपेक्षा याचंच नवल जास्त होतं.

गणपती उठल्यावर ऑपरेशन झालं. आम्ही दोघं भाऊ बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "झालं छान. दोन्ही जागच्या जागी आहेत." भावानं हात जोडले. कुणाला जोडले, ते त्याचं त्यालाच माहीत. त्या तोवर आत गेल्या होत्या.

दिवाळीनंतर मी आईला घेऊन गावी गेलो. अंगणात मका वाळत पडला होता. आराम करायच्या सूचना भावजय खाटेवर बसून, अंगणभर मोठ्यानं हाका मारत पाळत होती. तिला बघायला वस्तीवरच्या बायका आल्या होत्या, बिस्किटांचे पुडे घेऊन. त्यांना ती सांगत होती, "समदं नाय काढलं. दोन ठिवलेत." मग एकेकीनं विचार सुरू केला की आपलं काय काय काढलं. कुणालाच सांगता येईना. एक म्हातारी म्हणाली, "म्या तर बेसुद व्हते, मला काय ठाव?" त्यावर सगळ्या हसल्या.

बायका गेल्या. एक मागं राहिली. शेजारच्या घरातली, तिशी उलटलेली, दोन लेकरांची आई. बिस्किटाचा पुडा अजून तिच्या हातातच होता.

"अक्का," तिनं भावजयीला विचारलं, "त्या डॉक्टरीनबाईचा दवाखाना कुटं म्हनला? माजी बी फुडच्या म्हयन्यात हाय."

भावजयीनं पत्ता सांगायला सुरुवात केली. क्रांती चौक, मेडिकलचं दुकान, बाजूची गल्ली. मग अर्ध्यात थांबली आणि हातानंच माझ्याकडं दाखवलं. "तुला सापडायचं नाय. आमचे भाऊजी येतील संगं. त्यांची वळख हाय तिथं."

मी नाही म्हणणार होतो. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती, आणि ती दुसरी बघत होती.

"बुधवारी या," मी म्हणालो. "बुधवारी गर्दी कमी असते."